खंडेनवमीची गाडी

१

मेंढक्याला वीरधवल सरनोबत दिसले तेव्हा ते उभे होते.

लांबून त्याला वाटलं, मालक भिंतीकडं तोंड करून लघवीला उभे असावेत. म्हणून तो मान वळवून दुसऱ्या वाटेनं निघाला. पण कुत्रं भुंकायचं थांबेना, तसा तो जवळ गेला आणि तिथंच ओकला. ट्रॅकच्या शेवटच्या वळणावरची काँक्रीटची भिंत अर्धवट बांधलेली होती. तिच्यातून बाहेर आलेल्या सळ्या मालकांच्या पोटातून शिरून पाठीतून निघाल्या होत्या. त्या सळ्यांनीच माणूस उभा धरला होता. गुडघ्याखाली पायांचा नुसता चेंदा झाला होता. डांबरावर रक्त वाळत आलं होतं आणि त्या रक्तातून रुंद चाकं दोनदा गेल्याच्या खुणा होत्या. मारणाऱ्यानं एकदा गाडी दाबली होती, मागं घेतली होती आणि परत घातली होती.

पोलीस निरीक्षक नानासो काटकर वडूजहून आला तेव्हा दिवस बुडायला टेकला होता. बायको गेल्यापासून नानासो कमी बोलायचा. त्यानं प्रेत बघितलं, चाकाच्या खुणा बघितल्या आणि सोबतच्या हवालदाराला विचारलं, "तात्याबा, असली चाकं कुठल्या गाडीची?"

"साहेब, या तालुक्यात असली चाकं एकाच गाडीला हायत," हवालदार तात्याबा म्हणाला. "ज्याचा मुडदा, त्याच्याच गाडीला."

येरळेच्या पलीकडं हा सरनोबत भावकीचा माळ. कुसळं आणि दगड सोडून तिथं कधी काही पिकलं नाही. वीरधवलनं त्यावर शर्यतीचा ट्रॅक बांधला आणि परदेशातनं गाडी आणली. जगात असल्या मोजक्याच केल्या होत्या. माणसाच्या कंबरेएवढीही उंच नव्हती. पाठीमागं पेट्रोलचं इंजिन, पुढच्या चाकांना विजेच्या मोटारी. रस्त्यावर मिरवायची नव्हे, ट्रॅकवर पळवायची गाडी. ती सुरू झाली की वडूजच्या बाजारात बायका म्हणायच्या, "काढली बया सरनोबतानं."

गाडी शेडमध्ये उभी होती. आज खंडेनवमी, म्हणून तिची पूजा झालेली होती. नाकावर झेंडूचा जाड हार, दोन्ही बाजूंना ऊस बांधलेला, चाकांखाली लिंबं. शेजारी लाल कापडावर भावकीच्या जुन्या तलवारी आणि पान्हे-हातोडे हळदीकुंकू लावून मांडले होते. नानासोनं काठीनं हार उचलला. नाकाला लांब तडा गेला होता. खालच्या जाळीत कापडाची चिंधी अडकली होती, आणि चिंधीला मांस.

शेडच्या अंगणात दुपारभर पाहुणे बसलेले होते. पंगतीची चूल पेटलेली होती. नानासोनं एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच.

"साहेब, गाडी हललीच न्हाई. हलली असती तर आमच्या कानाचं पडदं गेलं असतं."

२

संशयित म्हणावा असा माणूस तोवर लोकांनी शोधूनही ठेवला होता.

त्याचं नाव सद्दाम मुजावर. सांगलीचा. गाडी सांभाळायला ठेवलेला मिस्त्री. शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. त्या खोलीचं आता काही उरलं नव्हतं. पत्रे काळे पडले होते आणि आत गादी अजून धुमसत होती. सद्दाम पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसला होता. ओठ फाटलेला, एका बाजूचे दात गेलेले, शर्ट फाडून त्याच शर्टानं हात बांधलेले. त्याच्याभोवती काठ्या घेतलेली माणसं होती आणि त्यांच्या पुढं माळाचा राखणदार गुंडा.

"मी न्हाई मारलं साहेब," सद्दाम म्हणाला. तोंडातून रक्त आलं तसं त्यानं ते गिळलं. "झोपलो होतो."

"बघा. मालक मेला आन् ह्यो झोपला हुता," गुंडा म्हणाला.

"कोण होतं सोबत?"

"झोपायला कोण सोबत घेतं साहेब? बायको सांगलीला."

सकाळी वीरधवलनं त्याला पाहुण्यांदेखत कानफटात मारली होती. गाडी चकाकली नाही म्हणून. ती कानफटात सगळ्यांनी बघितली होती. गाडीची एक किल्ली मालकाच्या खिशात चेचलेली सापडली. दुसरी सद्दामच्या खोलीत खिळ्याला असायची, आणि ती आग लागायच्या आधीच शेडच्या फळीवर मिळाली.

"जाळून मारणार हुतं ह्याला," तात्याबा हळूच म्हणाला. "उदयसिंह सरनोबत मधी पडलं, म्हणून वाचला."

उदयसिंह म्हणजे वीरधवलचा चुलत भाऊ. पन्नाशीचा, अंगानं आडवा, नवरात्राचे अनवाणी पाय धुळीनं पांढरे झालेले. तो पायरीवर बसून होता. नानासो आला तसा उठला.

"साहेब, कायद्यानं काय व्हायचं ते हू दे. माणसं जाळायची न्हाईत या माळावर."

त्याचा हात पोळला होता. जळत्या खोलीतून सद्दामला त्यानंच ओढून काढलं होतं. त्याचा एकुलता एक पोरगा ऋषिराज हीच गाडी चालवताना याच वळणावर गेला होता. त्याचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. त्या वेळी वीरधवलनं सगळ्या गावाला सांगितलं होतं की पोराला गाडी आवरली नाही. उदयसिंह एक अक्षर बोलला नव्हता.

"तुम्ही दुपारी कुठं होता?"

"डोंगरावर देवीला. नवमी हाय आज. दरसाल जातो."

"कुणी बघितलं?"

"देवीनं," उदयसिंह म्हणाला.

नानासोनं सद्दामला जीपमध्ये घातलं. जीप निघाली तेव्हा मागच्या काचेवर पहिला दगड बसला. काच फुटून आत आली. पाठोपाठ गुंडाचा आवाज आला, "उद्या कोर्टात न्याल न्हवं? रस्ता आमच्या गावावरनंच जातो."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सद्दामनं कोठडीत चहा घेतला. गरम चहा दातांच्या जागी लागला तसा तो विव्हळला, पण कप खाली ठेवला नाही.

"तुला काही सांगायचं असेल तर आता सांग," नानासो म्हणाला. "नंतर सांगितलेलं कोर्टाला गोष्ट वाटतं."

"एक सांगू का नको, तेच कळंना. सांगितलं तर मीच अडकतो."

"सांग."

"लोक म्हणत्यात गाडी हलली न्हाई, आवाज न्हाई आला. साहेब, ती आवाजाशिवाय चालते."

नानासो गजांजवळ सरकला.

"दोन जीव हायत तिच्यात. पेट्रोलचं इंजिन बोंबलतं, त्ये सगळ्या तालुक्याला ठावं. पण नुसत्या बॅटरीवर घातली की उंदीर गेल्यागत जाती. थोडंच अंतर, पण जाती. शेडची मागची शटर वर करायची आन् सरळ ट्रॅकवर. पुढं अंगणात बसलेल्याला पत्ता लागायचा न्हाई."

"आणि वीरधवल तिथं कसे?"

"गाडी काढायच्या आधी सगळा ट्रॅक पायी फिरायचे. खडा न्हाई, लेंडी न्हाई, बघायचे. एकटेच. त्यांचा नेम हुता. त्यांना काय, गाडी म्हंजे आवाज. पाठीमागनं मुकी आली तर कशाला वळून बघतील?"

दाराशी उभा असलेला तात्याबा हसला. "आन् ही मुकी गाडी कुणाकुणाला ठावं रं?"

सद्दामनं कपात बघितलं. "मालकांना. मला. ऋषीला."

"एक मेला. दुसरा मेला," तात्याबा म्हणाला. "साहेब, मला दुपारपर्यंत मोकळं सोडा. तिसरा पोपटागत बोलंल."

"हात लावायचा नाही," नानासो म्हणाला. "तू गाडी धुतली होतीस?"

"सकाळीच. कानफटात खाऊन परत एकदा धुतली. उन्हात सुकवली, मग आत घेतली आन् झोपलो. गाल हुळहुळत हुता. रडून झोप लय चांगली लागती साहेब."

खंडेनवमीला माळावरचं प्रत्येक वाहन धुतलं जातं. त्या दिवशी ओल्या गाडीकडं कोण संशयानं बघणार? खुन्यानं दिवस बघूनच काम केलं होतं, किंवा दिवसानं त्याला हात दिला होता.

बाहेर माणसं जमल्याचा आवाज येत होता. कुणीतरी फाटक हलवत होतं. वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता: आरोपी हातात आहे, कागद पूर्ण करा, तालुका पेटवू नका.

४

गुंडाला नानासोनं ठाण्यात बोलावलं नाही. स्वतः माळावर गेला. चिता तिथंच रचली होती, शेडच्या पलीकडं. वीरधवलला मूलबाळ नव्हतं. अग्नी उदयसिंहनं दिला. कवटी फुटली तेव्हा बाकीची माणसं चार पावलं मागं सरली. उदयसिंह हलला नाही, बघत राहिला.

गुंडा बाभळीखाली बसून काठीची साल काढत होता.

"तुझ्या शेळ्या याच गाडीनं चिरडल्या म्हणे," नानासो शेजारी बसला.

"गाभण हुत्या. मालक म्हणला, ट्रॅकवर कशाला आल्या? म्या म्हणलं, त्यांला वाचता येत न्हाई." गुंडानं साल भिरकावली. "त्याच्यासाठनं म्या मालक मारला आसं म्हणायचं का तुमाला? मारला आसता तर आवाज करून मारला आसता."

"नाकाला तडा कधी बघितलास?"

काठी थांबली.

"हार तूच घातलास ना?" नानासोनं अंदाज टाकला.

"घातला. तडा दिसला. वाटलं, मालकानं घासली आसंल कुठं. सगळ्यांच्या डोळ्यादेखत खुनाची खूण झाकली मी, आता काय करू? फाशी द्या."

"गाडी ओली होती?"

"टपाटपा. म्या कुंकू लावलं ते ओघळून खाली आलं. रगतागतच दिसलं."

"पण पूजा तू का केलीस? भावकीची गाडी, भावकीची हत्यारं."

"मालक येईनात. पाहुणं भुकेजलं. सगळी म्हणाली, उदयसिंह धाकलं, त्यांनी नारळ फोडावा. त्ये तवाच डोंगरावरनं आलं हुतं. म्हणाले, दादाचा मान हाय, दादा नसताना मी हात लावनार न्हाई. गुंडा, तू फोड. हार बी तूच घाल." गुंडाच्या छातीत जरा हवा भरली. "पयल्यांदाच आसा मान मिळाला मला. परसाद बी त्येंनी घेतला न्हाई, उपास हाय म्हणाले. म्या खाल्ला त्येंच्या वाटचा."

भावाचा मान राखणारा माणूस. ऐकायला सरळ होतं. नानासोनं ते तेवढ्यावर सोडलं आणि उठला.

"साहेब," गुंडा मागून म्हणाला, "त्या पोराला उद्या सोडलं तर आमी धरणार. सांगून ठेवतो."

५

सांगलीला विश्रामबागेत सरनोबतांचे दोन बंगले एका कुंपणात होते. एक वीरधवलचा, एक उदयसिंहचा. बायका चितेवरून परत आल्या होत्या. पुरुष सावडायला माळावर थांबले होते. घरात चूल नव्हती. शेजारच्या आपटेकाकूंनी पिठलं-भात आणला होता.

वीरधवलची बायको दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. तिनं रडून घेतलं होतं आणि आता तिला राग आला होता.

"मला ती गाडी विकायची होती, साहेब. सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी विकायची होती, नवरा नव्हे. तुमच्या मनात तेच असेल तर विचारून टाका."

"सद्दामबद्दल काय वाटतं?"

"त्याची बायको, समीना, सकाळी फाटकाशी येऊन गेली. पोटुशी आहे. मी दार उघडलं नाही." ती थांबली. "उघडायला हवं होतं का?"

तेवढ्यात आतून उदयसिंहची बायको शिवांजली पाणी घेऊन आली. भिंतीवर ऋषिराजचा फोटो होता, डोक्यावर हेल्मेट, हसणारा. नानासो फोटोकडं बघतोय हे तिनं बघितलं.

"लय खोडकर होता," ती म्हणाली. "दादांना कळू नये म्हणून ती गाडी गुपचूप काढायचा. आवाजच न्हाई करायची ती. बापाला पहाटे बसवून फिरवायचा, मग शिकवलीपण. हे घरी येऊन हसायचे, म्हणायचे, शिवा, मी चोर झालो गं म्हातारपणी."

नानासोचा हात भांड्यावरच राहिला. सद्दामनं तीन नावं सांगितली होती. चौथं त्याला ठाऊक नव्हतं.

आपटेकाकू ताटावर झाकण ठेवत होत्या. सहज बोलावं तशा बोलल्या. "वर्षभरानं घरात घट बसले होते हो. आणि शेवटची माळ शिवांजलीच्या हातानं व्हायची नव्हती. मला घालावी लागली."

"का?"

"उदयभाऊंचा फोन आला होता तिला. घटाला तू शिवू नकोस, आपटेकाकूंना बोलाव म्हणाले. मी दुपारच्या चहाच्या आधी येऊन घालून गेले. दिवा पण मीच लावला."

"मला वाटलं, डोंगरावरनं कुणी काय सांगितलं असेल," शिवांजली म्हणाली. "किती हौसेनं फुलं ओवली होती मी. विचारलं तर बोललेच न्हाईत. म्हणाले, एवढं ऐक."

"आणि दादांची बातमी तुम्हाला कधी कळली?"

"दिवेलागणीनंतर," दीपमाला म्हणाली.

नानासोला त्याची बायको मंगल आठवली. याच सांगलीत दवाखान्यात ती गेली तेव्हा सकाळ व्हायची होती. गावाकडं अजून कुणाला कळवलं नव्हतं. तो खाली जीपमध्ये येऊन बसला होता. काचेशी चिकटवलेल्या खंडोबाच्या फोटोला तो रोज हात लावायचा. त्या दिवशी हात निघाला आणि अर्ध्यात आखडला. घरी आई देवपूजा करत होती, तिला काही माहीत नव्हतं, तिला काही लागत नव्हतं. सुतक कळल्यापासून लागतं. त्या घटकेला सगळ्या भावकीत ते फक्त त्याला लागलं होतं.

तो उठला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"साहेब, या," तात्याबाचा आवाज आनंदी होता. "सद्दामनं कबूल केलं."

६

सद्दाम कोठडीच्या फरशीवर एका कुशीवर पडला होता. डावा डोळा दिसतच नव्हता. त्या जागी सुजलेलं जांभळं मांस होतं आणि त्यातून पाणी येत होतं. उजव्या हाताची बोटं उलट्या बाजूला वळली होती. भिंतीला टांगलेला पट्टा ओला होता.

"सही कुठल्या हातानं केली यानं?" नानासोनं विचारलं.

"अंगठा घेतला," तात्याबा म्हणाला. त्याला साहेबाचा चेहरा समजत नव्हता.

नानासोनं तो कागद फाडला. सद्दामला दवाखान्यात धाडला, सोबत दोन शिपाई दिले, आणि तात्याबाला म्हणाला, "जीप काढ. माळावर चल."

सावडून माणसं परतली होती. उदयसिंह शेडमध्ये एकटाच होता, खांद्यावर ओला पंचा, जमिनीवर बसलेला. गाडी पोलिसांनी दोरी बांधून ठेवली होती. हार सुकला होता. तलवारी तशाच मांडलेल्या होत्या, कारण सुतकात पूजा उचलायची कुणी?

"उदयसिंह," नानासो समोर बसला, "खंडेनवमीला तुम्ही गाडीला हात लावला नाहीत."

"दादाचा मान हुता."

"मान होता हे मी मानलं. परसाद खाल्ला नाहीत. उपास होता, तेही मानलं. पण सांगलीला तुमच्या स्वतःच्या घरातला घट, त्यात दादाचा काय मान?"

उदयसिंहनं पंचा खांद्यावरून काढून मांडीवर घेतला.

"दुपारी तुम्ही बायकोला फोन केलात की घटाला शिवू नको. बाहेरच्या बाईकडनं माळ घाला. असं माणूस कधी सांगतो? घरात मयत झालं की. पण तोवर मयत कुणाला ठाऊक नव्हतं. मेंढक्याला दिवस कलल्यावर दिसलं. दीपमालाबाईंना दिवेलागणीनंतर कळलं. या माळावर पाहुणे नारळ फुटायची वाट बघत होते. सगळ्या सरनोबत भावकीत सुतक लागलेला माणूस तेव्हा एकच होता. सुतक कळल्यापासून लागतं. तुम्हाला कसं कळलं होतं?"

शेडमध्ये माश्यांचा आवाज होता.

"गाडी मुकी चालते हे ऋषीनं तुम्हाला शिकवलं. सद्दाम झोपला होता, किल्ली खिळ्याला होती. दादा पायी ट्रॅक बघत होते. नंतर गाडी धुतलीत, कारण त्या दिवशी सगळेच धुतात. सगळं निभावलं असतं. माणूस मारायला तुम्ही कचरला नाहीत, पण देवीला शिवायला कचरलात."

उदयसिंह इतका सावकाश उठला की तात्याबाला ते उठणं वाटलंच नाही. त्याचा हात लाल कापडावरच्या तलवारीकडं गेला. मुठीवर हळद होती. हात तिच्यावर आला आणि अडला. तेवढ्या क्षणात नानासो मागं सरकला, नाहीतर मान गेली असती. उदयसिंहनं तलवार सोडली आणि शटरची लोखंडी पहार उचलली. पहिला घाव नानासोच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यालाच आधी ऐकू आला. दुसरा घाव गाडीच्या काचेवर. तिसरा परत गाडीवर. मग उदयसिंह नानासोला विसरला. तो गाडी मारत सुटला. दिवे, दार, छत. काचांनी त्याचे हात आणि अनवाणी पाय फाटले, तरी तो थांबेना. तात्याबानं मागून दोन्ही गुडघ्यांवर दांडकं घातलं तेव्हा तो काचांत पडला.

"मला म्हणाला, उदय, गाडीला हार आण," तो जमिनीला तोंड लावून म्हणाला. "झेंडूचा आण, जाड आण. माझ्या पोराला त्या पत्र्यातनं कापून काढलं साहेब. तुकड्यानं काढलं. ह्यानं ती परदेशात धाडून नवी करून आणली आन् मला म्हणाला, हार आण. मी आणला. सकाळभर हातात धरून बसलो हुतो."

"आणि सद्दाम?"

"जाळू दिला न्हाई त्याला मी."

"फाशी जाऊ देणार होतात."

उदयसिंहनं तळहातात रुतलेली काच उपटली. मग त्यानं विचारलं, "घटाला तिनं हात लावला न्हाई नव्हं?"

"नाही."

त्यानं डोळे मिटले.

७

सद्दामला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी नानासो स्वतः त्याला घरी पोचवायला निघाला. नानासोचा हात गळ्यात होता, म्हणून जीप तात्याबा चालवत होता. सद्दाम मागं बसला होता. डावा डोळा डॉक्टरांनी काढला होता. बोटांना फळ्या होत्या.

तात्याबा खुशीत होता. पेपरात त्याचंही नाव आलं होतं. "सुटलास गड्या," तो आरशातून म्हणाला. "साहेब नसतं तर गेला हुतास. आता पोरगं झालं की साहेबाचं नाव ठेव."

सद्दाम बाहेर बघत होता. उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्याला एका डोळ्यानं अंतर कळत नव्हतं. समोरून ट्रक आला की तो दचकून मागं सरायचा.

"कामाचं बघू तुझ्या," नानासो म्हणाला. "वाईट झालं, पण खुनी मिळाला. तुझ्यावरचा डाग गेला."

"साहेब, मालकाला कुणी मारलं ते तुमी हुडकलं," सद्दाम म्हणाला. "मला कुणी मारलं?"

तात्याबानं गिअर बदलला.

"खोली कुणी जाळली, दात कुणी पाडलं, डोळा कुणी काढला. खुनी एकच हुता, तो तुमी देवाधर्मावरनं वळखला. माझी माणसं लय हायत आन् त्यांचं काय हुडकायचं बी न्हाई. मी तोंडानं सांगतो. लिवून घेणार का?"

नानासोनं पुढं बघितलं. रस्ता सरळ होता. हात सांधायला वेळ लागणार होता, पेन्शन जवळ होती, ठाण्यात उद्या परत जायचं होतं आणि तिथं तात्याबाशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. यातलं प्रत्येक कारण खरं होतं. मागून सद्दामचा श्वास ऐकू येत होता. नाकाचं हाड मोडल्यामुळं तो शीळ घातल्यासारखा यायचा.

"गाडी बाजूला घे," नानासो म्हणाला.

तात्याबानं ती उसाच्या कडेला घेतली. नानासोनं डाव्या हातानं खिशातला पेन काढला. टोपण निघेना, तसं दातानं काढलं.

"सांग," तो म्हणाला. "आधी कुणाचं नाव?"

सद्दामनं आपल्या एका डोळ्यानं आरशात बघितलं. आरशात तात्याबा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

"तात्याबा," सद्दाम म्हणाला. "हवालदार. आडनाव तुमीच घाला साहेब."

नानासोनं आडनाव घातलं.